साडेसतरा

परभणीच्या माणसाला ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य बोबडं बोलायच्या वयात येतं. त्याचा अर्थ मात्र पन्नाशी उलटली तरी कुणी सांगत नाही. जर्मनीचा आणि आपला नेमका काय व्यवहार झाला, कधी झाला, जर्मनीला तो कळवला का, असल्या चौकशा परभणीत करायच्या नसतात. पुण्यात मी हे वाक्य ऐटीत टाकलं की समोरचा ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ काढतो आणि हिशेब बरोबरीत सुटतो. मी जर्मनीला गेलेलो नाही. पण तिथं माणसाला हॅट घालून, कॅमेरा लटकवून, कुणाचा कुणी नसलेला पाहुणा म्हणून एखादं गाव बघता येत असेल, असा माझा समज आहे. परभणी जिल्ह्यात ती सोय नाही.

मला ती हवी होती. कारण बारव.

सध्या पुण्यात बारवांचे दिवस आहेत. पूर्वी लोक रविवारी मिसळ खायला बाहेर पडायचे. आता आधी बारव बघतात आणि मग मिसळ खातात. ‘महाराष्ट्र बारव मोहीम’ सुरू झाली, गावोगावच्या गाळानं आणि झुडपांनी भरलेल्या पायऱ्यांच्या विहिरी मोकळ्या व्हायला लागल्या, महाशिवरात्रीला त्यांत दिवे लागायला लागले, आणि या सगळ्यात आमचा परभणी जिल्हा एकाएकी पुढच्या बाकावर जाऊन बसला. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव, गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची, तिचे फोटो तर पुण्यातल्या भिंतींवर फ्रेम करून लागले. अशाच एका फ्रेमखाली उभ्या असलेल्या गृहस्थांनी मला विचारलं, “तुम्ही परभणीचे ना? मग पिंगळीची बारव पाहिलीच असेल.” मी मान हलवली. मराठी मान अशी हलवता येते की तिच्यातून होकार निघतो आणि जबाबदारी निघत नाही.

वास्तविक पिंगळी मी लहानपणी येता-जाता पाहिली होती, पण खिडकीतून. मनमाड–सिकंदराबाद मार्गावर परभणी सोडलं की पिंगळी, मग मिरखेल, मग पूर्णा. आमचं खेडं मिरखेलच्या अंगाला, हायस्कूल परभणीत आणि खिशात विद्यार्थ्याचा पास. रूळ निजामाच्या काळातला, मीटर गेज. डबे अरुंद आणि गाडी इतकी हळू, की धावत जाऊन पकडता यायची. आम्ही मुद्दाम उशिरा निघून तशीच पकडायचो. अजंता एक्स्प्रेस तेव्हा याच एक मीटरच्या रुळावरून जायची आणि पिंगळीकडं ढुंकून बघायची नाही. आमची पॅसेंजर थांबायची. ती थांबली की पिंगळीची पोरं चढायची, जागेवरून मारामारी लागायची, आणि मारामारी रंगात येते न येते तोच परभणी यायची. पण पिंगळीला उतरून बघावं असं कधी डोक्यात आलं नाही. शाळेच्या वाटेवरचं गाव बघायचं नसतं. ते आलं की बाह्या सरसावायच्या असतात.

आता तो रूळ नाही. नव्वदच्या दशकात मीटर गेज उखडून ब्रॉड गेज टाकलं, एक मीटरचं अंतर १ मीटर ६७६ मिलिमीटर झालं. पुढं परभणी ते मुदखेड हा ८१ किलोमीटरचा मार्ग दुहेरी झाला, वर विजेच्या तारा आल्या. आमची १९९० सालची दहावीची बॅचही मीटर गेजचीच होती. गेल्या पस्तीस वर्षांत तिचंही रुंदीकरण झालेलं आहे. फरक एवढाच, की रेल्वेनं ते काम आधी जाहीर करून केलं.

डिसेंबरातली सकाळ. रात्रीच्या गाडीनं परभणीला उतरलो आणि ठरवून पॅसेंजर धरली. डोक्यावर हॅट, गळ्यात कॅमेरा, हातात वही, चेहऱ्यावर यादवकालीन भाव. समोरच्या बाकावर एक गृहस्थ होते. पांढरा सदरा, खिशाला तीन पेनं, मांडीवर बियाण्याच्या कंपनीची पिशवी. ते माझ्याकडं टक लावून बघत होते. मी खिडकीबाहेर बघितलं. तेही खिडकीबाहेर बघून परत माझ्याकडं आले.

“कुठं चाल्ले पाव्हणं?”

“पिंगळीला.”

“कोणाकडं?”

“कोणाकडं नाही. बारव बघायला.”

मराठवाड्यात ‘कोणाकडं नाही’ हे उत्तर धरत नाहीत. माणूस कोणाकडं तरी जातो, किंवा कोणाला तरी चुकवायला जातो. गृहस्थ विचारात पडले. मग उठले, माझ्या शेजारी येऊन बसले, माझ्या डोक्यावरची हॅट स्वतःच्या हातानं काढून माझ्या मांडीवर ठेवली, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, “ओळखलं का बे?”

या प्रश्नाबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे. बाकी परीक्षांना निदान वेळापत्रक असतं, अपेक्षित प्रश्नसंच असतो, मागच्या बाकावरून मदत असते. ‘ओळखलं का’ ही परीक्षा भर रस्त्यात होते आणि परीक्षक उत्तरपत्रिका नेसूनच उभा असतो. यातून सुटायच्या रीती सगळ्यांना ठाऊक आहेत. ‘अरे, तू!’ असं म्हणून ‘तू’वर एवढा भार द्यायचा की नाव घ्यायची गरजच पडू नये, ही एक. ‘मुलं काय करतात?’ असं विचारून विषय पुढच्या पिढीवर ढकलायचा, ही दुसरी. पण समोरचा अजून लग्नाच्या खटपटीत असला तर हात पोळतात. तिसरी म्हणजे, त्याला कुणाचा तरी फोन यावा आणि ‘हां, मी अमुक बोलतोय’ असं त्यानं स्वतःच सांगावं, अशी मनातल्या मनात प्रार्थना करायची. मराठवाड्यात यातलं काहीच चालत नाही, कारण इथं उत्तर येईपर्यंत हात सोडत नाहीत. वर मदत म्हणून खुणा सांगतात.

“मागच्या बाकावर बसायचो,” गृहस्थ म्हणाले.

मागच्या बाकावर अर्धा वर्ग बसायचा.

“आपण चिंचा पाडल्या होत्या.”

चिंचा सगळ्या शाळेनं पाडल्या होत्या. हेडमास्तरांनी पाडल्या नसतील तर माझ्या माहितीत नाही.

“तू तर काहीच बोलू नाही लालास,” ते म्हणाले, आणि नकळत मनगटावरच्या घड्याळाकडं बघून स्वतःशीच पुटपुटले, “वरच्या गाडीला पिंगळीला बाजूला घेत्यात का काय आज.”

त्या पुटपुटण्यानं पस्तीस वर्षांचा पडदा खाडकन वर गेला. टायमटेबल! सगळ्या गाड्यांच्या वेळा, त्यांचे उशीर आणि त्या उशिरांची कारणं तोंडपाठ असलेला टायमटेबल. त्याचं खरं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं. शाळेत खरी नावं फक्त हजेरीपटाला असायची.

“टायमटेबल!” मी ओरडलो.

“आर्र, साडेसतरा!” तो माझ्या दुप्पट ओरडला. “साडेसतराच हाय की हे! टोपी घालून बसलं मनून वळखू आलं नाही!”

सगळा डबा वळला. दाराजवळ मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या आजींनी विचारलं, “साडेसतरा काय किलो, लेकरा?”

खुलासा करणं भाग आहे. नववीच्या सहामाहीत गणिताच्या पन्नास मार्कांच्या पेपरात मला साडेसतरा मार्क पडले होते. पन्नासाचे पस्तीस टक्के म्हणजे साडेसतराच. कमी नाही, जास्त नाही. सोनाराच्या तराजूत तोलल्यासारखा मी पास झालो होतो. सरांनी पेपर देताना तो आकडा जरा थांबून उच्चारला, आणि दहावी संपेपर्यंत मला दुसरं नाव उरलं नाही. पुढं मी नोकरी केली, पदं घेतली, माझ्या नावापुढं आता ‘सर’ लागतं. पुणे ते परभणी हे अंतर रात्रीत कापून त्या सगळ्याचं काय होतं, ते मला त्या डब्यात कळलं.

पिंगळी दहा-बारा मिनिटांत आली. मी हॅट पिशवीत घातली. आता तिचा उपयोग नव्हता.

चहाच्या हॉटेलासमोरच्या बाकड्यावर एक मास्तर बसले होते. पुढ्यात कागदांचा गठ्ठा, त्यावर दगड, हातात पेन. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला शिकवण्यातून वेळ मिळाला की घरं मोजायला लावतात, माणसं मोजायला लावतात, शौचालयं मोजायला लावतात. त्या दिवशी काय मोजणं चालू होतं, ते मी विचारलं नाही. त्यांनी मान वर न करता विचारलं, “नाव?”

“साडेसतरा,” टायमटेबलनं माझ्यावतीनं सांगितलं.

पेन थांबलं. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. ती नजर ओळखायला मला क्षणही लागला नाही. वर्गात सर नसताना फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहिणारा मॉनिटर. त्यानं आयुष्यभर दुसरं काही केलेलंच नव्हतं. फक्त तेव्हा खडू होता, आता शासनानं पेन दिलं होतं.

“तुझं नाव मी एकदा चुकून लिहिलं होतं,” तो गंभीरपणे म्हणाला. “बोलत तो बाजूचा होता. कव्हापासून सांगायचं होतं.”

“अरे, पस्तीस वर्षं झाली!”

“म्हणूनच. आता खोडतो.”

भजी आली. मिरचीची, बाजूला तळून मीठ लावलेल्या मिरच्या, म्हणजे भज्यात मिरची कमी पडली तर अडायला नको. चहा अर्धा-अर्धा. आणि मग तो विषय निघाला जो अशा बैठकीत निघायचाच: गॅदरिंग. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला, आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या एकाही गॅदरिंगमध्ये साडी नेसलेला मुलगा कमी पडला नाही. आमच्या वर्गातही एकजण नेसला होता. टायमटेबलच्या मते तो मॉनिटर. मॉनिटरच्या मते मी. मला तर स्वच्छ आठवत होतं, टायमटेबलच नेसला होता, आणि ‘मावशी, गाडी किती लेट आहे’ असा आवाज प्रेक्षकांतून आल्यावर त्यानं खरोखर वेळ सांगितली होती. प्रत्येकाच्या आठवणीत साडी होती, पण स्वतःच्या अंगावर नव्हती.

हा वाद चालू असतानाच मागून कुणीतरी मला घट्ट मिठी मारली.

“ओळखलं का?”

धिप्पाड गृहस्थ, कपाळाला अबीर, बोटात तीन अंगठ्या, तोंडभर हसू. मी ‘अरे, तू!’ केलं. त्यांनी टायमटेबललाही मिठी मारली, मॉनिटरलाही मारली, कागद उडाले, ते गोळा केले, आणि मग ते आमच्यात बसून जे सुरू झाले ते थांबेनात. शाळेतलं चिंचेचं झाड, लोखंडी पट्टीची घंटा, इंग्रजी पाचवीपासून असल्यानं झालेले हाल, छडी मारण्याआधी ती तेलात ठेवणारे गुरुजी, रविवारी ‘महाभारत’ बघायला टीव्ही असलेल्या एकाच घरात दाटीवाटीनं बसलेला सगळा गाव आणि भीष्मांच्या ऐन प्रतिज्ञेला गेलेली लाईट. १९८९ च्या नोव्हेंबरात सचिन तेंडुलकर सोळाव्या वर्षी कराचीत खेळायला उतरला तेव्हा आमच्या सगळ्यांच्या घरी ‘बघ, तुझ्याच वयाचा’ हे वाक्य कसं बोललं गेलं, ते तर त्यांनी असं रंगवून सांगितलं की टायमटेबलच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीही कारण असेल.

“आनी हे साडेसतरा काय मनलं होतं?” टायमटेबल म्हणाला. “मनलं, मॅट्रिकचं उरकलं की मीबी बघतो!”

“मनलंच होतं!” नवे गृहस्थ गडगडाटी हसले. “माझ्या समोरच मनलं!”

थोड्या वेळानं मॉनिटर माझ्या कानाशी आला. “हा कोण?”

“तुमच्या गटातला ना?”

“नाही बा. टायमटेबलच्या ओळखीचा असेल.”

टायमटेबलला खुणेनं विचारलं. त्यानं खुणेनंच ‘तुमच्या दोघांपैकी कोणाचा तरी’ असं कळवलं. आता विचारायचं कसं? आणि तेवढ्यात त्या गृहस्थांनी उठून चहा-भज्याचं सगळं बिल देऊन टाकलं. मग प्रश्नच मिटला. बिल दिलेल्या माणसाला ‘आपण कोण’ असं विचारायची पद्धत आपल्याकडं नाही.

बारवेकडं निघालो तो त्यांच्याच गाडीतून. मी अभ्यासक म्हणून एकटा पायी जाणार होतो, ही गोष्ट आता बोलायच्या लायकीची राहिली नव्हती. वाटेत एका ज्वारीच्या शेताच्या बांधावर विद्यापीठाची जीप उभी होती आणि शेजारी पिशवीत कणसं भरून घेणारी एक बाई. मॉनिटरनं गाडी थांबवायला लावली आणि सदऱ्याची वरची गुंडी लावली.

“मॅडम,” तो म्हणाला.

“ताई,” टायमटेबल म्हणाला.

पहिला नंबर! पाचवीपासून दहावीपर्यंत पहिला नंबर सोडला नाही अशी आमच्या वर्गातली मुलगी. आता परभणीच्या कृषी विद्यापीठात शास्त्रज्ञ. हे विद्यापीठ १९७२ सालचं, म्हणजे आमच्या बॅचपेक्षा थोडंसंच वडील. २०१३ पासून त्याच्या नावात वसंतराव नाईक आले. ऐंशीच्या दशकात, आम्ही चिंचा पाडत होतो तेव्हा, तिथं ‘परभणी क्रांती’ तयार झाली. नाव ऐकून नव्या माणसाला वाटतं, काही उठाव वगैरे झाला असावा. ती भेंडी आहे. पिवळ्या शिरांच्या रोगाला दाद न देणारी, देशभर लावली गेलेली भेंडी. आमच्या पिढीला क्रांती करायला कुणी सांगितलं की आम्ही म्हणायचो, ती झाली, शंभर ग्रॅमच्या पुड्यात मिळते.

माझी अडचण निराळीच होती. आमच्या शाळेत मुलं मुलींशी बोलत नसत. सहा वर्षं एका वर्गात बसून मी तिच्याशी अक्षरही बोललो नव्हतो. आता पहिलंच वाक्य बोलायचं, तर ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’? मी मधला मार्ग काढला. “इकडं कसं येणं झालं?”

“ज्वारी बघायला,” ती म्हणाली. “हुरड्याला आलीय का ते. तू साडेसतरा ना? पोट सुटलं रे तुझं.”

सहा वर्षांचा संकोच तिनं दोन वाक्यांत उपटून बांधावर टाकला. तीही गाडीत बसली. साडीचा वाद तिच्यापुढं मांडला गेला; आम्हाला पंच हवाच होता.

“तिघंही नेसला होतात,” ती म्हणाली. “कोळीगीत होतं. साड्या माझ्या बहिणींच्या. त्यातली जांभळी अजून परत आली नाही.”

गाडीत काही वेळ कुणी कुणाकडं बघितलं नाही.

पिंगळेश्वराच्या देवळाशी उतरलो. बारव समोर आली आणि मी हॅट परत काढली, कारण ज्यासाठी आलो ते आता करायचं होतं. जुन्या दगडी पायऱ्या खाली उतरत गेलेल्या, उन्हाचा एक तुकडा मधल्या टप्प्यावर पडलेला, आणि वरचा सगळा गोंगाट दोन पायऱ्या उतरताच मागं राहिलेला. पाण्यासाठी इतकी नक्षीची खटपट करणाऱ्या लोकांबद्दल मला खरंच काही सांगायचं होतं. मोटा, रहाट, वाटसरूंचे तांडे, यादवांचा काळ, बिनचुन्याचे सांधे. मी घसा साफ केला.

“पायऱ्या किती हायत?” टायमटेबलनं विचारलं.

“ते महत्त्वाचं नाही, महत्त्वाचं हे की—”

पण तो मोजत खाली निघालाही होता. मॉनिटरनं वरून मोजायला सुरुवात केली, कारण मोजण्याच्या कामात त्याला शासकीय अनुभव होता. अंगठ्यांचे गृहस्थ मधल्या टप्प्यावर उभे राहून दोघांना जोरात आकडे सांगत होते, त्यामुळं दोघंही चुकत होते. खाली पोचेपर्यंत तिघांचे तीन आकडे झाले. मॉनिटरनं तिन्ही वहीत लिहून सरासरी काढायला घेतली. माझं व्याख्यान यादवांच्या राज्यारोहणाच्या आधीच संपलं.

पहिला नंबर माझ्या शेजारच्या पायरीवर टेकली. मला वाटलं, निदान हिला तरी स्थापत्यात रस असेल.

“तुला माहितीय का,” ती म्हणाली, “ते साडेसतरा नव्हते.”

“काय?”

“सर पेपर तपासायचे, बेरीज करायला माझ्याकडं द्यायचे. तुझी बेरीज सतराच झाली होती.”

खालून मोजणी थांबली. बारवेत आवाज फार छान घुमतो. ही माहिती मी व्याख्यानात देणारच होतो.

“मग अर्धा कुठून आला?” टायमटेबलनं खालून विचारलं.

“मी दिला.”

“कामून?”

मी श्वास रोखला. पस्तीस वर्षांनी, जुन्या बारवेत, सूर्य कलताना. माणसाच्या मनात काय काय येतं.

“नापासांची नावं मला फळ्यावर लिहावी लागायची,” ती म्हणाली. “खडू संपत आला होता.”

“फळ्यावर नावं लिहायचा अधिकार माझा होता!” मॉनिटर खालून गरजला.

“बोलणाऱ्यांची तुझ्याकडं. नापासांची माझ्याकडं.”

“म्हणजे हा सतरा!” टायमटेबल आनंदानं ओरडला. “इतकी वर्सं फुकट अर्धा घेऊन हिंडलं हे!”

तेव्हा अंगठ्यांचे गृहस्थ मध्ये पडले. म्हणाले, एकदा नाव पडलं ते पडलं, मार्कावरून बदलू नका, आपल्या सरांनी दिलेलं नाव आहे. त्यांचा आवाज भरून आला होता. पहिल्या नंबरानं त्यांच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. बेरीज करताना ती तशीच बघत असावी.

“आपली शाळा कोणती?” तिनं विचारलं.

“पाथरी,” ते म्हणाले. “शहाऐंशीची बॅच.”

पाथरी म्हणजे परभणीच्या पलीकडच्या अंगाला. आमच्या रुळावर तर नाहीच. मॉनिटरनं वही मिटली.

“मग मला मिठी का मारलीत?” मी विचारलं.

“टोपी पिशवीतून बाहेर आली होती अर्धी. मनलं, पुन्या-मुंबईहून आलेलं दिसतंय, असंल कोणीतरी आपलं.” त्यांना यात काही खटकलेलं दिसलं नाही. “आन् काय फरक पडतो, ताई? चिंचेचं झाड आमच्याबी शाळेत होतं. छडीबी तेलातच ठेवायचे.”

“आणि मी सचिनबद्दल बोललो, ते तुमच्यासमोर?”

“सगळेच बोलले होते की तव्हा,” ते म्हणाले.

यावर पहिल्या नंबराकडंही दुरुस्ती नव्हती.

परतीच्या गाडीची वेळ टायमटेबलनं सांगितली, तिच्यात होणारा उशीर सांगितला, आणि गाडी बरोब्बर तेवढ्या उशिरानं आली. फलाटावर मॉनिटरनं सगळ्यांचे नंबर घेऊन मोबाईलवर गट काढला. त्याला आपला हजेरीपट पुन्हा मिळाला होता. पाथरीकरांचाही नंबर घेतला गेला. घेताना तो थोडा घुटमळला, पण मघाच्या भज्यांचं बिल कुणाच्याच डोक्यातून गेलेलं नव्हतं.

त्या गटावर आता आमच्या बॅचची बरीच मंडळी आहेत. टायमटेबल रोज सकाळी गाड्यांचे उशीर टाकतो. पहिला नंबर इतरांच्या वाढदिवसाच्या तारखा दुरुस्त करते. मॉनिटर रात्री दहानंतर बोलणाऱ्यांची यादी काढतो. बाकी सगळा कारभार पाथरीकर बघतात. गेल्या महिन्यात त्यांना एकमतानं ॲडमिन केलं. जानेवारीत हुरडा खायला सगळ्यांनी पिंगळीला जमायचं, शेत त्यांच्या साडूचं, आगटी, गूळ, दही-धपाटे आणि चटण्या त्यांच्याकडून, असं त्यांनी जाहीर केलं आणि माणशी पाचशे रुपये वर्गणी लावली. त्यांचं आडनाव अजून आमच्यापैकी कुणाला ठाऊक नाही. पैसे सगळ्यांनी भरले. मी भरले तेव्हा त्यांनी लगेच पोच पाठवली, गटावर, सगळ्यांना दिसेल अशी: ‘साडेसतरा यांचेकडून रु. ५०० मिळाले.’ खाली पहिल्या नंबरानं लिहिलं होतं: ‘सतरा.’